प्रजनक माशांचा आहार आणि मत्स्यबीजाचे अर्थशास्त्र

स्वातंत्र्योत्तर काळात भारताच्या मत्स्योत्पादनात झालेली वाढ लक्षणीय आहे. १९५०-५१ मध्ये देशाचे एकूण मत्स्योत्पादन ७.५२ लाख टन होते. २०२२-२३ मध्ये ते १७५.४५ लाख टनांवर पोहोचले. त्यापैकी १३१.१३ लाख टन, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश उत्पादन सागरी नसून भूजलाशयीन आहे. समुद्रावर अवलंबून असलेला हा व्यवसाय तळी, तलाव आणि जलाशयांकडे सरकला, त्यामागे संवर्धनाचा, म्हणजेच मत्स्यशेतीचा मोठा वाटा आहे. कोणत्याही शेतीप्रमाणे मत्स्यशेतीचाही पाया बियाणे हाच असतो. मात्र मत्स्यबीजाच्या चर्चेत बहुधा संख्येचाच विचार होतो. किती कोटी बीज तयार झाले हे सांगितले जाते. ते बीज ज्या माशांपासून निपजले, त्या प्रजनक माशांना काय खाऊ घातले होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या शास्त्रीय आणि आर्थिक बाजूंचा परामर्श घेतला आहे.

नदीतील बीज ते उबवणी केंद्र

कटला, रोहू आणि मृगळ या तीन प्रमुख भारतीय कार्प जाती नैसर्गिक अवस्थेत पावसाळी पुराच्या वेळी वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या साठलेल्या पाण्यात त्या वयात येतात, मादीच्या पोटात अंडीही तयार होतात, परंतु ती बाहेर पडत नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मत्स्यशेतीसाठी लागणारे बीज प्रामुख्याने नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात हव्या त्या जातींबरोबर नको असलेल्या जातींचे बीजही येत असे आणि पुरवठा पावसाच्या लहरीवर अवलंबून राही. बंगालमधील बांकुडा व मेदिनीपूर भागांत विशिष्ट रचनेच्या बांधांमध्ये पावसाचे पाणी वाहते ठेवून प्रजनन घडविण्याची जुनी पद्धत होती. पण तिचा विस्तार मर्यादित होता.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे वर्तुळाकार, वाहत्या पाण्याची चिनी पद्धतीची उबवणी केंद्रे आली. ग्रंथीच्या अर्काऐवजी वापरण्यास सुलभ अशी कृत्रिम संप्रेरके बाजारात आली. आणि बीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज जवळपास संपली. पश्चिम बंगालमधील नैहाटी आणि बांकुडा जिल्ह्यातील रामसागर ही गावे मत्स्यबीजाची मोठी केंद्रे म्हणून ओळखली जाऊ लागली.

मात्र या यशातून एक गैरसमजही रूढ झाला. संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की प्रजनन साधते, अशी समजूत पसरली. वस्तुतः इंजेक्शनाने केवळ अखेरचा टप्पा साधतो. जी अंडी आधीच पूर्ण वाढलेली आहेत, ती पक्व होऊन बाहेर पडण्याचा संदेश संप्रेरक देते. अंड्यात पोषणाचा साठा भरण्याचे काम त्याआधी अनेक महिने चाललेले असते आणि ते मादीच्या आहारावर अवलंबून असते. रिकाम्या कोठारातून धान्य निघत नाही. दार कितीही उत्तम रीतीने उघडले तरी त्यात फरक पडत नाही.

अंड्यातील शिदोरी

सस्तन प्राण्यांत गर्भाला आईकडून सतत पोषण मिळते. माशांमध्ये तशी सोय नाही. अंडे शरीराबाहेर पडल्यावर गर्भाची वाढ, अंड्यातून बाहेर येणे आणि तोंड उघडून स्वतः अन्न घेऊ लागेपर्यंतचे दिवस, हा सर्व प्रवास अंड्यातील पीतकाच्या, म्हणजे बलकाच्या, शिदोरीवर होतो. या शिदोरीत जे नसेल ते पिल्लाला त्या काळात मिळू शकत नाही.

पीतक तयार होण्याची प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे. मादीच्या अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रॅडिऑल या संप्रेरकाच्या प्रभावाखाली यकृतामध्ये व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार होते. त्यात प्रथिनांबरोबर मेद, फॉस्फरस आणि कॅल्शियमही बांधलेले असते. रक्तावाटे ते अंडाशयात पोहोचते आणि वाढत्या अंड्यात साठविले जाते. म्हणजेच अंड्याचा कच्चा माल यकृतात घडतो आणि यकृताला तो आहारातून व शरीरातील साठ्यातून मिळतो. आहार अपुरा असेल तर परिणाम तीन प्रकारे दिसतात : अंड्यांची संख्या घटते, फलनाचे प्रमाण कमी होते, किंवा अंडी उबली तरी जिरे दुबळे निपजून लवकर मरतात. यांपैकी पहिला परिणाम डोळ्यांना दिसतो. तिसरा बहुधा दिसतच नाही.

कोणता घटक काय करतो

प्रथिने : अंड्यातील शुष्क घटकांत प्रथिनांचा वाटा सर्वाधिक असतो. आहारात आवश्यक अमिनो आम्लांची कमतरता असेल तर मादी स्वतःच्या स्नायूंतून ती काही काळ पुरविते. परंतु त्याची किंमत अंड्यांच्या संख्येत मोजावी लागते. केवळ प्रथिनांची टक्केवारी पुरेशी असणे पुरत नाही. पेंडीतील प्रथिनांमध्ये लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले तुलनेने कमी असतात, म्हणून मासळीची भुकटी किंवा तत्सम घटकांची जोड द्यावी लागते.

मेदाम्ले : या विषयातील सर्वाधिक संशोधन मेदाम्लांवर झाले आहे. डोकोसाहेक्सेनॉइक आम्ल हे गर्भाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या जडणघडणीसाठी आवश्यक असते. अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होतात आणि अंडी सुटण्याच्या क्रियेत त्यांचा सहभाग असतो. येथे गोड्या व खाऱ्या पाण्यातील माशांमध्ये महत्त्वाचा फरक आहे. कार्पसारखे गोड्या पाण्यातील मासे वनस्पतिजन्य तेलांतील लिनोलिक व लिनोलेनिक आम्लांपासून ही दीर्घ साखळीची मेदाम्ले काही प्रमाणात स्वतः तयार करू शकतात. बहुतेक सागरी माशांमध्ये ही क्षमता अत्यल्प असल्याने त्यांना ती तयार स्वरूपातच द्यावी लागतात. म्हणूनच कार्पच्या आहारात जवसासारख्या लिनोलेनिक आम्लाने समृद्ध तेलबियांचा विचार होऊ शकतो. विदर्भासारख्या जवस पिकविणाऱ्या प्रदेशांच्या दृष्टीने ही बाब उल्लेखनीय आहे.

जीवनसत्त्वे आणि खनिजे : असंतृप्त मेदाम्लांचे लवकर ऑक्सिडीकरण होते. त्यापासून अंड्याचे व शुक्राणूंचे रक्षण करण्याचे काम ई आणि क ही जीवनसत्त्वे करतात. जपानमध्ये १९७०च्या दशकात कार्प माशांवर झालेल्या प्रयोगांत ई जीवनसत्त्वाच्या अभावी अंडाशयाची वाढ खुंटते असे आढळले. पुढील दशकात तेथेच लाल सी-ब्रीम या सागरी माशावर झालेल्या संशोधनाने प्रथिने व फॉस्फरस यांच्या कमतरतेचा अंड्यांच्या संख्येवर आणि गुणवत्तेवर होणारा परिणाम दाखवून दिला. जस्त व सेलेनियम यांसारखी खनिजे सूक्ष्म प्रमाणात लागतात. पण त्यांची उणीव दुसऱ्या घटकाने भरून निघत नाही.

नर माशाचा आहारही दुर्लक्षून चालत नाही. शुक्राणूंच्या आवरणातील मेदाम्ले व शुक्रद्रवातील क जीवनसत्त्व यांचा शुक्राणूंच्या हालचालीशी संबंध असतो. फलनाचे प्रमाण घसरले की दोष मादीला दिला जातो. तो अनेकदा नराच्या आहारातही असू शकतो.

केव्हा आणि किती

भारतीय कार्पचे प्रजनन प्रामुख्याने जून ते ऑगस्ट या काळात होते. अंड्यांत पीतक भरण्याचा महत्त्वाचा काळ त्याआधीचा, साधारण फेब्रुवारी ते मे असा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर चांगले खाद्य सुरू करणे म्हणजे पीक ओंबीवर आल्यानंतर पेरणीचे खत टाकण्यासारखे आहे. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीपासूनच प्रजनकांना वेगळ्या तळ्यात ठेवून योग्य आहार देण्याची शिफारस केली जाते.

परंपरेने प्रजनक माशांना भाताचा कोंडा व शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड समप्रमाणात दिली जाते. हा आहार पूर्वी पुरेसा कसा ठरला, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर माशांच्या दाटीत आहे. तळ्यात मासे विरळ असताना शेणखतावर वाढलेले प्राणिप्लवंग व वनस्पतिप्लवंग प्रत्येक माशाला भरपूर मिळत. कोंड्यात आणि पेंडीत नसलेली मेदाम्ले, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे हे नैसर्गिक खाद्य पुरवीत असे. व्यापारी केंद्रांत तळ्याच्या त्याच क्षेत्रात अधिक प्रजनक ठेवले जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक माशाच्या वाट्याला येणारे नैसर्गिक खाद्य घटले आणि पूर्वी झाकली गेलेली उणीव उघडी पडली.

अधिक आहार म्हणजे उत्तम आहार, असेही नाही. पिष्टमय खाद्याच्या अतिरेकाने शरीरात चरबी साठते आणि ती प्रजननाला बाधक ठरते. स्पेनमध्ये गिल्टहेड सी-ब्रीम या माशावर १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत आवश्यक मेदाम्लांचे प्रमाण गरजेपलीकडे वाढविल्यावर अंड्यांची संख्या घटल्याचे दिसून आले. पोषणाच्या क्षेत्रात कमतरता आणि अतिरेक या दोन्हींच्या मध्ये एक इष्टतम बिंदू असतो. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत फलाच्या नियमाशी हे साम्य विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

भारतातील प्रयत्न

भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेने (सिफा) कार्प प्रजनकांसाठी ‘सिफाब्रूड’ हा आहार विकसित केला. मासे वेळेवर परिपक्व व्हावेत, फलनाचे प्रमाण वाढावे आणि जिऱ्यांची जगणूक सुधारावी, हे त्यामागील उद्दिष्ट आहे. कटलाच्या बाबतीत या प्रयत्नांना विशेष महत्त्व आहे. ही जात लवकर वाढते व बाजारात तिला मागणी आहे. परंतु रोहू व मृगळ यांच्या तुलनेत तिचे प्रेरित प्रजनन बेभरवशाचे ठरते. चांगल्या आहाराने व व्यवस्थापनाने एकाच हंगामात त्याच प्रजनकांपासून दोनदा बीज घेणेही शक्य होते. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाने, ज्याची स्थापना २००६ मध्ये हैदराबाद येथे झाली, कौसल्यागंगा येथेच गोड्या पाण्यातील माशांची राष्ट्रीय प्रजनक बँक उभारली आहे.

सागरी व निमखाऱ्या पाण्यातील जातींमध्ये आहाराचा प्रश्न अधिक तीव्र आहे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे, तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये मंडपम येथे मोदोसा माशाचे नियंत्रित प्रजनन यशस्वी केले. या मांसाहारी माशांच्या प्रजनकांना ताजी मासळी, माकूळ यांसारखे खाद्य लागते. २००९ पासून देशात परवानगी मिळालेल्या व्हेनामी कोळंबीच्या बाबतीत समुद्री कृमी हे अ‍ॅराकिडॉनिक आम्लाने समृद्ध असे मोलाचे खाद्य मानले जाते. परंतु निसर्गातून पकडलेल्या कृमींबरोबर रोगजंतूही येऊ शकतात. रोगमुक्त प्रजनक परदेशातून आणून, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासून घ्यायचे आणि नंतर असुरक्षित खाद्यातून त्यांना रोगाची बाधा होऊ द्यायची, हा विरोधाभास टाळण्यासाठी सुरक्षित खाद्याची गरज स्पष्ट आहे.

गुणाकाराचे गणित

प्रजनक आहारावरील खर्च परवडतो का, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक किलो वजनाच्या मादीपासून एक लाख अंडी मिळाली असे मानू. साधारण आहारावर फलन ७० टक्के, उबवण ७० टक्के आणि संगोपन तळ्यात जिऱ्यांची जगणूक ३० टक्के धरली, तर ४९,००० जिरे आणि अखेरीस १४,७०० बीज मिळेल. सुधारित आहाराने हीच प्रमाणे अनुक्रमे ८५, ८५ आणि ४० टक्के झाली, तर जिरे ७२,२५० व बीज २८,९०० होईल. प्रत्येक टप्प्यावरील सुधारणा माफक आहे; तथापि टप्प्यांचा परस्परांशी गुणाकार होत असल्याने अखेरचे उत्पादन जवळपास दुप्पट होते.

आता खर्चाची बाजू पाहू. प्रत्येकी एक किलो वजनाच्या नर-मादीला शरीरवजनाच्या दोन टक्के या दराने १५० दिवस खाद्य दिल्यास एकूण सहा किलो खाद्य लागते. सुधारित खाद्य किलोमागे ३० रुपयांनी महाग आहे असे धरले तरी वाढीव खर्च १८० रुपये होतो. त्यातून मिळणाऱ्या १४,२०० अधिक बीजाचा विचार करता, संगोपनाचा खर्च वगळून, हजार बीजामागे हा भार सुमारे १३ रुपये पडतो. विक्रीचे मासे वाढविताना खाद्य हा सर्वांत मोठा खर्च असतो. प्रजनकांची संख्या मात्र अल्प असल्याने त्यांच्या खाद्यावरील खर्च एकूण साखळीत नगण्य ठरतो.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

हा व्यवहार इतका फायद्याचा असेल, तर प्रत्येक उबवणी केंद्र तो का करीत नाही? या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्रात नसून बाजाराच्या रचनेत आहे. वरील उदाहरणात फलन व उबवण सुधारल्याचा लाभ केंद्रचालकाला मिळतो, कारण त्याच्याकडे विकण्यासाठी अधिक जिरे तयार होतात. परंतु जगणूक ३० वरून ४० टक्क्यांवर जाण्याचा लाभ बीज विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला मिळतो. जिरे वाटीच्या मापाने विकले जातात. सशक्त व दुबळे जिरे वाटीत सारखेच दिसतात आणि त्यांना सारखाच भाव मिळतो. एक लाख जिऱ्यांपासून एकाला ३०,००० तर दुसऱ्याला ४०,००० बीज मिळते, हे विक्रीनंतर काही आठवड्यांनी कळते. तोपर्यंत दोष पाण्याला, पावसाला किंवा नशिबाला दिला जातो.

विक्रेत्याला गुणवत्ता ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, असे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. माहितीच्या विषमतेवरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. मत्स्यबीजाचा बाजार हे त्याचेच एक उदाहरण ठरते. चांगल्या आहारावर खर्च करणाऱ्या केंद्रचालकाला जादा भाव मिळत नाही. म्हणून तो संख्येवर भर देतो आणि गुणवत्तेकडे दुर्लक्ष करतो. त्याचा भार मात्र सर्वाधिक दुर्बल घटकावर पडतो. भंडारा-गोंदियातील मामा तलावांवर उपजीविका करणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था असोत की बिहार व आसाममधील छोटे तळेधारक असोत, बीज टाकण्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. दुबळे बीज पडले तर ते वर्ष वाया जाते आणि तलावाच्या ठेक्याची रक्कम मात्र द्यावीच लागते.

धोरणाची दिशा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील २१व्या क्रमांकाचा विषय आहे, तर प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडील मासेमारी संघसूचीत ५७व्या क्रमांकावर आहे. १९६६ चा बियाणे कायदा पिकांच्या बियाण्यांसाठी आहे. मत्स्यबीज त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे मत्स्यबीजाच्या गुणवत्तेची जबाबदारी मुख्यत्वे राज्यांवर येते. आसामने २००५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्र पातळीवर २०१९ मध्ये मत्स्यव्यवसायासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांच्या नियोजित गुंतवणुकीची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. उबवणी केंद्रे व प्रजनक बँका यांना साहाय्य हा तिचा एक भाग आहे.

यापुढील टप्प्यात केवळ केंद्रांची संख्या वाढविणे पुरेसे होणार नाही. उबवणी केंद्रांना मान्यता देताना प्रजनकांचे वय, मूळ आणि आहार यांची नोंदवही अनिवार्य करणे, विक्रीवेळी जिऱ्यांच्या जगणुकीची नमुना चाचणी घेणे आणि प्रमाणित बीजाला वेगळा भाव मिळेल अशी व्यवस्था करणे, हे उपाय माहितीची विषमता कमी करू शकतात. मच्छीमार संस्थांनी एकत्रितपणे बीज खरेदी करून जगणुकीची अट करारात घातली, तर केंद्रचालकालाही चांगल्या आहारात गुंतवणूक करण्याचे कारण मिळेल.

आहार हा सर्व दोषांवरील उपाय आहे, असे मात्र मानता येणार नाही. कर्नाटकातील केंद्रांचा १९८०च्या दशकात अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी मोजक्या प्रजनकांच्या पिढ्यान्‌पिढ्या वापरामुळे होणाऱ्या अंतःप्रजननाकडे लक्ष वेधले होते. आनुवंशिक दोष खाद्याने दूर होत नाही. सिफाने नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने विकसित केलेला जयंती रोहू हा त्या दिशेने झालेला प्रयत्न आहे. तथापि उत्तम वाणाच्या मादीलाही निकृष्ट आहार दिला, तर तिची क्षमता अंड्यात उतरत नाही. वाण, पाणी आणि आहार यांचा मेळ साधल्यासच मत्स्यबीजाच्या संख्येला गुणवत्तेची जोड मिळेल, आणि हंगामाच्या प्रारंभी बीजासाठी पदरचे पैसे मोजणाऱ्या छोट्या मत्स्यशेतकऱ्याला त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला मिळू शकेल.

सरावासाठी प्रश्न

१. ‘संप्रेरकाचे इंजेक्शन हा प्रजननाचा अखेरचा टप्पा आहे.’ या विधानाचे स्पष्टीकरण द्या.

२. मेदाम्लांच्या गरजेबाबत गोड्या पाण्यातील व सागरी माशांमधील फरक सांगा आणि त्याचे आर्थिक परिणाम लिहा.

३. मत्स्यबीजाच्या बाजारातील माहितीची विषमता स्पष्ट करून ती दूर करण्याचे उपाय सुचवा.

४. मत्स्यव्यवसायाबाबत केंद्र व राज्ये यांच्या घटनात्मक अधिकारांची विभागणी विशद करा.